इंजिनातला ठोका आणि शिसे

भरलेली पेट्रोल-गाडी चढ चढू लागली की कधीकधी इंजिनातून टक्‌-टक्‌ असा आवाज आपल्याला ऐकू येतो. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. हाच तो ठोका. जास्त दाबाची, कमी इंधनात चालणारी इंजिने बनवण्यात त्याचीच अडचण होती.

अमेरिकेत डेटन येथे, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स केटरिंग व थॉमस मिजली यांनी अनेक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. अल्कोहोलने ठोका थांबे, पण ते बरेच लागे. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा गुण कळला. ते हजारात एका भागाहूनही कमी पुरे. शिवाय त्याच्या वापराचे पेटंट घेता येई.

शिसे विषारी असते हे तेव्हाही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार दगावले. तरीही मिजलींनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले! १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिले, की वातावरणातील शिसे माणसाने कितीतरी पटींनी वाढवले आहे. भारतात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात. आज ठोका टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, मिसळतात.

वर्गात प्रयोग करताना 'काय साधले?' असे आपण विचारतो. 'धुरातून काय बाहेर गेले?' हेही विचारायला हवे.