गाव उठलं, शीव राहिली

रायपूरजवळच्या सिलतऱ्याहून बोलतोय. इकडची मराठी घरं मला एक प्रश्न हमखास विचारतात : "आडनावात गाव आहे, पण ते गाव आज सापडत नाही. शोधायचं कसं?"

आधी थोडा इतिहास. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथून कारभार पाहू लागले आणि मराठी घराणी छत्तीसगढात स्थिरावली. १८६१ साली मध्य प्रांत झाला. १९५६ पर्यंत नागपूर-रायपूर एकाच राज्यात होती, त्यामुळे नोकरीनिमित्त आणखी घरं आली. इकडे पिढ्या वाढल्या. तिकडे दुष्काळ, साथी, पूर आणि पुढे धरणं, यांनी कित्येक मूळ गावं उठली.

पण एक गोष्ट पक्की धरा. माणसं जातात, घरं पडतात, तरी गावाची शीव महसुली कागदावर बहुधा टिकते. कारण शेतसारा घरांवर नाही, जमिनीवर असतो. अशा गावाला विदर्भात 'रीठ' म्हणतात. कागदावर मौजाच्या नावापुढे 'रिठी' लिहिलेलं दिसतं. जुन्या दप्तरात 'बेचिराग' असतं, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. छत्तीसगढात 'वीरान' गाव म्हणतात आणि जुन्या वस्तीच्या जागेला 'डीह'. हे शब्द माहीत नसले, तर समोरची नोंदही नजरेतून सुटते.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका १९५१ पासून निघतात. त्यांच्या ग्रामसूचीत निर्जन गावंही नावानिशी असतात. तिथून सुरुवात करा.

मग नकाशा. फौजेत आम्हाला सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे वाचायला शिकवत. त्यात ओसाड गावासाठी वेगळी खूण असते. आमचं सिलतरा ६४ जी/११ या पत्रकावर येतं. आपल्या भागाचं जुन्यात जुनं पत्रक मिळवा. घरं नाहीत, पण तळं आहे, देऊळ आहे, चार वाटा एकाच जागी येऊन मिळतात, तर तिथे एके काळी पांढरी होती असं समजायला हरकत नाही.

जागा सापडली की शेजारच्या गावात जा. उठलेली माणसं पुष्कळदा शिवेपलीकडेच वसतात आणि जुनीच शेतं कसतात. रिठावरच्या मारुतीला नारळ कोण फोडतं, ते विचारा. तीच तुमची भावकी असू शकते.

धरणाखालच्या गावांचंही तेच. धमतरीजवळ गंगरेल धरण झालं, तेव्हा अंगारमोती देवीला बुडणाऱ्या गावातून काठावर आणलं. दिवाळीनंतर तिथे मडई भरते आणि पांगलेली माणसं देवीसाठी गोळा होतात. कोयनेचे विस्थापित तर ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत गेले. अशा वेळी पुनर्वसनाच्या याद्या पाहाव्यात.

एकाच नावाची चार गावं निघाली, तर त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. पूर्वजांच्या नावाबरोबर गाव आणि परगणाही तिथे सापडू शकतो.

हे कागद उद्याही मिळतील. घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजीला मात्र आजच विचारा : बाजार कुठल्या गावी भरायचा? नदी कोणती? ग्रामदैवत कोणतं? सोयरीक कुठल्या गावांशी व्हायची? चारही उत्तरं तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. गावाचं नाव दप्तरात मिळेल. ते गाव आपलंच, हे सांगणारं माणूस दप्तरात मिळत नाही.