काचेत न मावलेला मासा

सप्टेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात एक नवी पाहुणी आली. लांबी दीड मीटर, वजन अवघं २८ किलो. वयाने लहान, पण जातीने ती ‘ग्रेट व्हाइट’, म्हणजे पांढरा शार्क. १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटाने याच माशाची धास्ती घरोघरी पोचवली होती. त्याला जिवंत आणि इतक्या जवळून पाहायला मिळतंय म्हटल्यावर लोकांची रीघ लागली.

हा मासा काचेमागे ठेवण्याची धडपड तेव्हा जवळजवळ ५० वर्षांची झाली होती. १९५५ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या मरिनलँडने एक आणला; तो एक दिवसही जगला नाही. १९८१ मध्ये सॅन दिएगोच्या सीवर्ल्डमध्ये एक १६ दिवस राहिला आणि शेवटी त्याला समुद्रात सोडावं लागलं. खुद्द माँटेरेने १९८४ मध्ये ठेवलेल्या शार्कने अन्नाला तोंडच लावलं नाही. ११ दिवसांत तो मेला.

ज्याच्या जबड्याची एवढी दहशत, तो मासा बंद पाण्यात इतका दुबळा का ठरावा?

पहिलं कारण त्याच्या श्वासात आहे. कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहावं म्हणून त्याला सतत पोहत राहावं लागतं. जाळ्यात अडकला, अरुंद पेटीतून आणला, की तो वाटेतच अर्धमेला होतो. दुसरं कारण कळलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात, १९८० मध्ये. ‘सँडी’ नावाची तिथली मादी गोल टाकीत फिरताना एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा धडकत होती. तपासल्यावर त्या जागी विजेच्या दाबात फरक सापडला: एका मिलिव्होल्टचा जेमतेम आठवा भाग. शार्कच्या नाकाडावरची बारीक छिद्रं पाण्यातली असली क्षीण वीजही टिपतात. भक्ष्याचा माग काढायला ती त्याच्या कामी येतात. समुद्रात जी जाण त्याला पोसते, तिनेच टाकीत त्याला भांबावून सोडलं. साडेतीन दिवसांनी सँडीला फॅरालॉन बेटांजवळ सोडण्यात आलं.

माँटेरेच्या माणसांनी या अपयशांतून धडा घेतला. मासेमाराच्या जाळ्यात सापडलेली २००४ ची ती मादी आधी मालिबूजवळ समुद्रातच, जाळीच्या प्रशस्त कुंपणात ठेवली. ती पोहतेय, खातेय याची खात्री झाल्यावरच तिला ३८ लाख लिटरच्या टाकीत आणलं. ती १९८ दिवस राहिली. सुमारे दहा लाख लोकांनी तिला पाहिलं. वजन ७३ किलोवर गेलं, आणि तिने टाकीतल्या दोन सूपफिन शार्कना मारलं. ३१ मार्च २००५ रोजी तिला समुद्रात सोडलं.

त्यानंतर २०११ पर्यंत आणखी पाच शार्क तिथे येऊन गेले. शेवटचा सोडल्यावर लगेचच मेला, आणि माँटेरेने ही प्रथा थांबवली. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ओकिनावा मत्स्यालयात साडेतीन मीटरचा मोठा नर ठेवला गेला. तो तिसऱ्या दिवशी मेला.

माँटेरेचे शास्त्रज्ञ आता पांढऱ्या शार्कच्या अंगावर खुणेची यंत्रं बसवून खुल्या समुद्रात त्यांचा माग ठेवतात. त्यांना लांब जावं लागतंच असं नाही. २०१४ पासून पाणी तापत गेलं, तशी या जातीची पिल्लं दक्षिणेकडून सरकत थेट माँटेरेच्या उपसागरात येऊ लागली आहेत. ॲपटॉसच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात ती मोकळी पोहताना दिसतात.