कुलपातील अक्षरे

पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना धाडलेली पत्रे आजही वाचता येतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात ती छापली गेली. कागद हाती आणि मोडी जाणणारा एक माणूस जवळ, एवढ्यावर काम भागले. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, तरी ती शिकता येते. तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आज भाऊंच्याच नावाच्या सदाशिव पेठेत उभे आहे.

याच पेठेचा दुसरा वारसा छपाईचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेचा पत्ता पुढे सदाशिव पेठेचाच झाला. जुळारी खिळे जुळवत होता तोवर मजकुरावर कुलूप नव्हते. फर्मा सोडला की खिळे पुन्हा घरात जात, पण छापलेले पान कोणालाही वाचता येई. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात खिळ्यांची जागा संगणकाने घेतली आणि ‘डीटीपी’ हा शब्द मराठी प्रकाशकांच्या तोंडी बसला.

पुण्याला या बदलात मानाचे स्थान आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने जिस्ट कार्डाद्वारे संगणकावर भारतीय लिपी आणल्या. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिपींची प्रमाण संकेतप्रणाली जाहीर झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी प्रकाशकांच्या आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचली. परंतु छपाईच्या टंकांनी एक प्रमाण मानले नाही. इंग्रजी अक्षरांच्या खणांत ज्याने त्याने आपल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एकाचा काना दुसऱ्याच्या खणात वेलांटी ठरे. तो टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर ज्ञानेश्वरीचेही रोमन चिन्हांचे कडबोळे दिसे.

त्यावर कुलूप निराळेच. अशा आज्ञावलीबरोबर एक बोटभर खोका मिळे. त्याला कोणी डोंगल म्हणत, कोणी नुसते लॉक. तो संगणकाच्या मागे, छपाईयंत्राच्या जोडणीत खोचायचा. आज्ञावली त्याला खूण विचारणार. उत्तर मिळाले तरच काम चालणार. चोरून नकला होत, त्या रोखण्यासाठी ही युक्ती होती, आणि तिला कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. पण तो खोका बिघडला की पैसे मोजून घेतलेली आज्ञावली बंद. पुढे नव्या संगणकांवरून ती जोडणीच नाहीशी झाली. फ्लॉपीही गेली. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली ती अखेरचीच. त्याच्या फाइली उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती २०१२ ची.

म्हणजे पुस्तक प्रकाशकाचे, हक्क लेखकाचे, जुळणीचे पैसे चुकते झालेले, आणि तरीही मजकूर उघडायचा तर कुलूप, टंक, आज्ञावली व जुना संगणक अशा चौघांनी एकाच वेळी जिवंत असले पाहिजे.

कायदा याबाबत अगदीच आंधळा नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी मात्र मोकळीक आहे. आज्ञावली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत करण्याचीही मुभा आहे. मुभा आहे, पण किल्ली बनवून देण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. परदेशातही तेच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही वाचकांच्या कपाटातून गेली. पैसे परत मिळाले, हे खरे.

आपल्या वाचकांना येथे ‘क्रिस्तपुराण’ आठवावे. फादर स्टीफन्स यांचा हा ग्रंथ गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये छापला गेला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघू शकली. नक्कल करणाऱ्यास त्या काळी कोणी खूण विचारली असती, तर आपल्या हाती काय उरले असते?

मराठी मजकुराचा पुढचा मार्ग युनिकोडने मोकळा केला. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती छपाईच्या कामात रुळायला बरीच वर्षे लागली. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत. त्यांतून जोडाक्षरे आणि रफार अनेकदा मोडून बाहेर पडतात. म्हणून त्या दशकातल्या एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची झाली आणि जुनी फाइल उघडली नाही, की प्रकाशक छापील प्रतच शोधून आणतो. ती समोर ठेवून सगळा मजकूर पुन्हा टंकित होतो, आणि मुद्रिते पहिल्या ओळीपासून तपासावी लागतात.