परदेशी खुर्चीचें मोल

श्रोतेहो, आपल्या दिवाणखान्यांतील सामानाचीं नांवें एकदां तपासून पाहावीं. पाट, चौरंग, बाज हे शब्द आपले घरचे. परंतु खुर्ची हा शब्द मूळचा अरबी. अलमारी पोर्तुगीज, तिच्या दाराची बिजागरी पोर्तुगीज, बिजागरीच्या दाराला लावावयाची चावी पोर्तुगीज, आणि हें सारें जुनें झालें म्हणजे त्याचा जो लिलाव होतो तोहि शब्द पोर्तुगीजच. टेबल, सोफा आणि स्टूल मागाहून इंग्रजांबरोबर आले. ज्या वाटेनें हे शब्द आले ती वाट समुद्राची. फरक इतकाच कीं शब्द बिनजकाती उतरले आणि वस्तूंना बंदरावर थांबावें लागलें.

आज मला बोलावयाचें आहे तें या थांबण्याविषयीं. खुर्ची किती सुबक घडविली हा प्रश्न आपण बाजूस ठेवूं. कारागिराच्या हातून सुटून आपल्या ओसरीवर येईपर्यंत तिच्यावर कोणकोणता खर्च चढतो, आणि तो चढविणारा सरकारी हात कोणाचें हित पाहत होता, एवढेंच पाहूं.

मी कोलाडास राहतों. कोलाड डोंगरांतलें गांव, त्याला परदेशी सामानाची काय माहिती, असें शहरांतील श्रोत्यांस वाटेल. परंतु आमची कुंडलिका नदी रोह्यावरून पुढें जाऊन रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते, आणि रेवदंड्यास लागूनच चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक प्रवासी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रंथांत चौलाचें नांव ‘सेमिल्ला’ असें येतें. त्याच ग्रंथांत भडोचेहून इराणच्या आखाताकडे तुळया, शिसवी व अबनूस यांचे ओंडके जात असल्याची नोंद आहे. दहाव्या शतकांत मसूदी हा अरब पंडित स्वतः चौलास येऊन गेला. त्याच काळांत आखातावरील सिराफ शहरांतील घरें सागाच्या लांकडाचीं असत. ज्यांच्या देशांत झाड नाहीं त्यांनीं आपल्या किनाऱ्याचें लांकूड मोल देऊन न्यावें, असा हा व्यापार शेंकडों वर्षें चालला. खुर्चीचा शब्द तिकडून आला, पण खुर्चीचें लांकूड बहुधा इकडूनच गेलें असावें!

या समुद्रावरील जकातीचा इतिहास मात्र गोड नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्यावांचून कोणत्याहि गलबतास फिरूं द्यावयाचें नाहीं, आणि गलबतानें त्यांच्या ठाण्यावर येऊन जकात भरलीच पाहिजे, असा नियम केला. पुढें कान्होजी आंग्रे यांनीं हाच हक्क आपल्या दस्तकांच्या रूपानें बजावला, तेव्हां इंग्रजांस तो चांचेपणा वाटला. एकच कृत्य लिस्बनच्या शिक्क्यानें केलें तर कायदा आणि कुलाब्याच्या शिक्क्यानें केलें तर चांचेगिरी, हा न्याय आमच्या शाळेंतील जुन्या क्रमिक पुस्तकांतहि मुकाट्यानें शिकवावा लागे.

जकात ही केवळ खजिना भरण्यासाठीं नसून देशांतील धंद्याचें छत्रहि असूं शकते, ही जाणीव आपल्याकडे नवी नाहीं. इ. स. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडूं लागलें, तर संगमेश्वराकडील मीठ पडून राहील. म्हणून बारदेशच्या मिठावर जकात वाढवून तें महाग पडेल असें करावें, असा त्याचा आशय. त्यानंतर इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं लिहिलें. राज्यांतील साग परवानगीनें तोडावा, कमी पडेल तें लांकूड परमुलखांतून विकत आणावें, परंतु रयतेच्या आंब्याफणसास तिच्या संमतीवांचून हात लावूं नये, असें त्यांचें सांगणें. परदेशांतून लांकूड आणण्याचा खर्च पत्करावा, पण रयतेच्या परसांतलें झाड वांचवावें, असा हा विचार. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच विचारला आहे: या व्यवहारानें आपल्या माणसाचें काय होईल?

कंपनी सरकारच्या राज्यांत हा प्रश्न उलटा झाला. देशांतल्या देशांत माल हालवितांना नाक्यानाक्यावर वाहतूक-जकात द्यावी लागे. विलायतेचा माल मात्र बंदरावर हलकीशी जकात देऊन मोकळा होई. मुंबई इलाख्यांतील या अंतर्गत जकाती १८३८ च्या कायद्यानें उठल्या, तोंवर कित्येक धंद्यांची कंबर मोडली होती. सुतारकाम त्या मानानें तगलें. आमच्या कोलाडजवळ सुतारवाडी नांवाचें गांवच आहे. सुतार तगला याचें श्रेय सरकारास नाहीं. तें खुर्चीच्या आकारास आहे. हा मुद्दा जरा उलगडून सांगतों.

कापडाचा गठ्ठा दाबून बांधतां येतो; खुर्ची दाबतां येत नाहीं. जहाजावर हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाचें भाडें वजनावर नसून मापावर असे, आणि ४० घनफूट म्हणजे एक टन असा हिशोब धरीत. साधारण खुर्ची दीड फूट लांब, दीड फूट रुंद, तीन फूट उंच; म्हणजे पावणेसात घनफूट. एका टनाच्या भाड्यांत अशा जेमतेम सहा खुर्च्या. त्यांत लांकूड मूठभर, बाकी सारी पोकळी. ही पोकळी विलायतेहून मुंबईस आणण्याचें भाडें कोण देईल? त्यामुळें साहेबलोकहि मुंबईंतच सामान करवून घेत. शिसवीच्या काळ्या लांकडावर दाट कोरीव काम केलेले ते कोच व खुर्च्या ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नांवानें प्रसिद्धीस आल्या. साहेबाची बैठक आणि आपल्या कारागिराची वेलबुट्टी यांचें तें लग्न होतें. मला स्वतःला तें काम फार गजबजलेलें वाटतें. पण हाताचें कसब नाकारतां येत नाहीं.

या पोकळीवर उपाय काढला तो एका जर्मन सुतारानें. मायकेल थोनेट (जन्म १७९६) यानें बीच झाडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून वांकविण्याची युक्ति साधली, आणि १८५९ मध्यें त्याची १४ क्रमांकाची खुर्ची निघाली. लांकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ चाक्या, एवढाच संसार. तुकडे सुटे करून भरले म्हणजे एक घनमीटर, म्हणजे सुमारें ३५ घनफुटांच्या पेटींत ३६ खुर्च्या मावत. आमच्या मघाच्या टनांत सहांच्या जागीं चाळीस! १८६९ सालीं थोनेटचा मुख्य एकाधिकार संपून इतर कारखाने निघाले आणि त्याच वर्षीं सुएझचा कालवा खुला झाला. ऑस्ट्रियाच्या त्रिएस्त बंदराहून मुंबईस आगबोटी येऊं लागल्या. पुढें वांकवलेल्या लांकडाच्या या खुर्च्या इराण्यांच्या हॉटेलांत स्थिरावल्या. १९०४ सालीं निघालेल्या धोबी तलावाच्या कयानीसारख्या हॉटेलांनीं तिची ओळख तीन पिढ्यांस करून दिली. गंमत अशी कीं तिच्या बैठकीचा वेत युरोपांत होत नाहीं. तो पूर्वेकडील बेटांतून युरोपांत जाई, तेथें विणला जाई, आणि पुन्हां अर्धी पृथ्वी ओलांडून गिरगांवांतल्या गिऱ्हाइकाच्या खालीं येई.

आतां जकात. १८५९ सालीं बंडाच्या खर्चाच्या ओझ्यामुळें सर्वसाधारण आयात-जकात शेंकडा १० झाली. १८६४ सालीं ती साडेसातावर व १८७५ सालीं पांचावर उतरली. १८८२ सालीं मीठ, मद्य अशा थोड्या जिनसा सोडून सारी आयात-जकातच उठली. हिंदुस्थानच्या खजिन्यास पैसा नको होता असें नाहीं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस कापडावरची जकात नको होती, आणि तिच्याबरोबर बाकीच्याहि गेल्या. पूर्ण बारा वर्षें परदेशी लांकडी सामान एक पै न देतां बंदरांत उतरलें. १८९४ सालीं रुपयाचा भाव पडून सरकारची ओढाताण झाली तेव्हां ५ टक्के पुन्हां बसले. मग १९१६ सालीं युद्धामुळें साडेसात, १९२१ सालीं ११, १९२२ सालीं १५, आणि १९३१ सालच्या मंदींत अधिभारासह २५. दर वाढले ते प्रत्येक वेळीं तिजोरीच्या गरजेनें. सुताराचें काय होईल हें १६७१ सालच्या पत्रासारखें कोणी विचारलें नाहीं.

१८७८ च्या समुद्र-जकात कायद्याचें ३० वें कलम मालाची किंमत ठरवितांना आयातीच्या स्थळींची किंमत धरी. म्हणजे वाटेंतलें भाडें त्या किंमतींत मुरलेलेंच असे, आणि जकात भाड्यावरहि पडे. पाटीवर हिशोब मांडून पाहूं. कारखान्यांत १०० रुपयांचें सामान. तें जोडलेलें आणलें तर भाडें ६० रुपये मानूं. सुटें आणलें तर मघाच्या प्रमाणानें ९. पंचवीस टक्के जकातीनें पहिलें २०० रुपयांस पडतें, दुसरें १३६ रुपये ४ आण्यांस. पोकळीचें भाडें भरावयाचें, आणि त्या पोकळीवर पुन्हां जकात!

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळें जकातीपेक्षां परवान्याचीच भिंत मोठी झाली. उपभोग्य वस्तूंवरील आयातीचीं शेवटचीं संख्यात्मक बंधनें १ एप्रिल २००१ रोजीं उठलीं. दरम्यान १९८९ सालीं आमच्याच जिल्ह्यांत न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें होतें. थोनेटची युक्ति आतां लोखंडी पेटाऱ्यांत शिरली आहे. चाळीस फुटी कंटेनरांत सुमारें ६७ घनमीटर जागा असते, आणि सपाट खोक्यांत सुटें सामान विकणाऱ्या स्वीडनच्या आयकियानें २०१८ सालीं हैदराबादेस व २०२० सालीं नवी मुंबईस दुकान थाटलें.

पण नियमाचा गाभा तोच राहिला. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें आयातदारास बिल ऑफ एन्ट्री भरावें लागतें, आणि किंमत धरतांना मालाचें मोल, विमा व भाडें यांची बेरीज करतात. भाड्याचा आंकडा कळत नसेल तर मालाच्या किंमतीचा पांचवा हिस्सा भाडें म्हणून धरावा, असा २००७ च्या नियमांत आधार आहे. २०२० च्या अर्थसंकल्पानें फर्निचरवरील मूळ जकात २० वरून २५ टक्के केली. त्या वर्षींच्या दरांनीं एक लाखाच्या सामानाचा हिशोब असा: जकात २५,०००, तिच्यावर समाजकल्याण अधिभार २,५००, झालेल्या १,२७,५०० वर १८ टक्क्यांनीं वस्तु-सेवा कर २२,९५०. एकूण १,५०,४५०, आणि बंदरावरचें भाडें, दलालाची हुंडेकरी व ट्रकचा खर्च निराळा. दर अर्थसंकल्पागणिक हालतात, म्हणून सामान मागविण्यापूर्वीं त्या वर्षींचा दर पाहावा. नाहींतर स्वस्त म्हणून मागविलेला पलंग दीडपटीनें पडून झोंप उडवावयाचा.

एक खर्च मात्र जुन्या लोकांस ठाऊक नव्हता. लांकडाबरोबर कीड प्रवास करते. म्हणून सामानाभोंवतीं जीं लांकडी खोकीं व फळ्या असतात, तीं गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेंत ३० मिनिटें तापविलेलीं किंवा औषधी धुरी दिलेलीं असावीं लागतात, आणि गव्हाच्या ओंबीसारखी खूण असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का त्यांवर लागतो. शिक्का नसला तर आंतलें सामान कितीहि निर्दोष असो, पेटी बंदरावर अडकते आणि भाडें दिवसागणिक चढतें.

आणि जी शिसवी आपण पेरिप्लसच्या काळापासून बाहेर पाठवीत आलों, तिच्यावर आतां उलट दिशेनें पहारा बसला आहे. शिसवाची सारी जात २ जानेवारी २०१७ पासून दुर्मिळ वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत झाली. तिचें सामान देशाबाहेर न्यावयाचें तर करारानुसार दाखला लागतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. रोह्यास किंवा अलिबागेस एखाद्या जुन्या वाड्यांत तो बॉम्बे ब्लॅकवुडचा कोच अजून असेल, तर तो वाड्यांतच राहावयाचा. त्याच्यासाठीं बंदराचा दरवाजा उघडत नाहीं.