तारकाप्रकाश

ताऱ्यांपासून निघून पृथ्वीवर पोहोचणाऱ्या प्रकाशाला तारकाप्रकाश म्हणतात. सूर्य हाही एक ताराच आहे. पण ही संज्ञा सामान्यतः रात्री दिसणाऱ्या इतर ताऱ्यांच्या प्रकाशापुरती वापरतात. चंद्र आणि ग्रह सूर्याचा प्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे त्यांचा उजेड यात मोडत नाही. ताऱ्यांविषयी माणसाला जे काही कळले आहे, ते जवळजवळ सर्व या प्रकाशाच्या अभ्यासातून कळले आहे.

उत्पत्ती व प्रवास : ताऱ्याच्या गाभ्यात प्रचंड तापमानाला हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन होऊन हेलियम तयार होतो आणि वस्तुमानाचा थोडा अंश ऊर्जेत रूपांतरित होतो. सूर्यात दर सेकंदाला सु. ४० लाख टन वस्तुमानाची अशी ऊर्जा होते. ती वाटेतल्या द्रव्यात पुनःपुन्हा शोषली व उत्सर्जित होत हजारो वर्षांनी पृष्ठभागाशी येते. तिथून पुढे मात्र वाट मोकळी असते. सूर्यप्रकाश सु. ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वीवर येतो. व्याधाच्या प्रकाशाला ८.६ वर्षे, अभिजितच्या प्रकाशाला २५, तर रोहिणीच्या प्रकाशाला सु. ६५ वर्षे लागतात. म्हणजे आज दिसते ती रोहिणी सु. ६५ वर्षांपूर्वीची असते. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वाती ताऱ्याचा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पाडून लावण्यात आले. स्वातीचे अंतर तेव्हा ४० प्रकाशवर्षे मानले जात असल्याने, त्याच शहरातील १८९३ च्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला प्रकाश आता पोहोचत आहे, अशी त्यामागे कल्पना होती. आजच्या मापनानुसार हे अंतर सु. ३७ प्रकाशवर्षे आहे.

तेजस्विता व रंग : ताऱ्यांची दृश्य तेजस्विता ‘प्रत’ या एककात सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ साली मांडलेल्या प्रमाणानुसार पाच प्रतींच्या फरकाला तेजात शंभर पटींचा फरक पडतो. व्याधाची प्रत –१.४६ असून काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सु. सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. रंगावरून पृष्ठभागाचे तापमान कळते. तांबूस ज्येष्ठा सु. ३,६०० केल्विन, पिवळसर-पांढरा सूर्य सु. ५,८०० केल्विन, तर निळसर चित्रा २०,००० केल्विनहून अधिक तापलेली आहे. मंद तारे मात्र सगळेच पांढुरके दिसतात. क्षीण उजेडात डोळ्यांतील दंडपेशीच काम करतात आणि त्यांना रंगांतला फरक कळत नाही.

वर्णपट : तारकाप्रकाश लोलकातून किंवा जालकातून नेला की वर्णपट मिळतो आणि त्यात जागोजाग काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या वातावरणातील अणूंनी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषल्यामुळे त्या उमटतात. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरवरील रेषा तांबड्या भागात येते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात, हे किर्खहोफ व बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवले. या रेषांचा तापमानाशी असलेला संबंध मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवन समीकरणाने उलगडला. त्याच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवले. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. रेषांच्या अशाच सूक्ष्म हालचालींवरून १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडला.

दिशेतील बदल : पृथ्वीच्या गतीमुळे तारे वर्षभरात आपल्या स्थानापासून किंचित सरकलेले दिसतात, हे जेम्स ब्रॅडली यांनी १७२९ साली जाहीर केले. बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे पराशयावरून अंतर काढले. सूर्याजवळून येणारा तारकाप्रकाश गुरुत्वाकर्षणाने वाकतो, हे आइन्स्टाइन यांचे भाकीत २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील छायाचित्रांनी पडताळले गेले. सूर्याच्या कडेशी हा कोन १.७५ विकला असतो.

वातावरणाचा परिणाम : कमीअधिक घनतेच्या हवेच्या हलत्या थरांतून येताना प्रकाशकिरण सतत किंचित वळतात. तारे बिंदुवत असल्याने ते लुकलुकतात. ग्रहांची बिंबे तुलनेने मोठी असल्याने त्यांचा प्रकाश बहुधा स्थिर दिसतो. क्षितिजाजवळ प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, म्हणून तिथले तारे मंद दिसतात व जास्त लुकलुकतात.

प्रकाशप्रदूषण : शहरांतील दिव्यांचा वर जाणारा उजेड हवेत विखुरतो आणि आकाशाची पार्श्वभूमी उजळते. ताऱ्यांकडून येणारा प्रकाश तेवढाच असतो, पण मंद तारे त्या उजेडात बुडून जातात; मोठ्या शहरांतून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. ही हानी टाळता येण्याजोगी आहे. दिव्यांना वरून झाकण घालणे, उजेड जमिनीकडेच वळवणे आणि गरज नसताना दिवे बंद ठेवणे हे त्यावरील उपाय आहेत. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला असून तेथील रात्रीचे आकाश काळोखे राखण्यासाठी असेच उपाय योजले आहेत.