‘ओळख पटवा!’ : स्पॅमच्या पेटीत अडकणाऱ्या पत्रांचा पन्नास वर्षांचा इतिहास

आजचा थ्रेड किल्ल्यांचा नाही, लढायांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. तो एका साध्या पत्राचा आहे.

माझ्या परिचयातील एका बारा-पंधरा माणसांच्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. हेतू दोन : खर्च वाचावा आणि आपला पत्रव्यवहार आपल्याच ताब्यात राहावा. दुसऱ्याच महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवलेले कोटेशन त्याच्या स्पॅम फोल्डरात जाऊन पडले. त्याने ते पाहिले तेव्हा मुदत उलटून गेली होती. सर्व्हर सुरळीत चालू होता. समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारल्याची नोंदही होती. पत्र पोहोचले होते, फक्त माणसापर्यंत पोहोचले नव्हते. असे का व्हावे, याचे उत्तर कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेत सापडते. पण ते तसेच का ठरले, हे समजून घ्यायला इतिहासातच उतरावे लागते.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये अर्पानेटमार्गे पहिले ई-पत्र धाडले आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह बसवले. त्या जाळ्यावर विद्यापीठे होती, संशोधनसंस्था होत्या, लष्करी कार्यालये होती. बहुतेक मंडळी एकमेकांना नावाने ओळखत. गावात सगळेच ओळखीचे असले की दाराला कडी कोण लावतो?

तरीही एका माणसाला ही उणीव दिसली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ७०६’ हे छोटेसे टिपण लिहिले. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे संकेत नोंदवणारी क्रमांकित टिपणे.) विषय होता नको असलेल्या पत्रांचा. एखादे यंत्र बिघडून वा खोडसाळपणे संदेशांचा मारा करू लागले, तर ठरावीक यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोयच नाही, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा स्पॅम हा शब्दही या अर्थाने रूढ नव्हता.

तीन वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवले. पत्ते छापील डिरेक्टरीतून घेतले होते. ते इतके होते की पत्त्याच्या जागेत मावले नाहीत. उरलेले मजकुरात सांडले! जाळ्याच्या लष्करी व्यवस्थापकांनी समज दिली आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले.

आता गंमत पाहा. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ई-पत्रांच्या दळणवळणाचा जो संकेत प्रसिद्ध झाला, तो एसएमटीपी, पोस्टेल यांनीच लिहिला. आणि त्यातही पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची कोणतीही तरतूद नव्हती. एक सर्व्हर दुसऱ्याला म्हणतो, ‘नमस्कार, मी अमुक.’ दुसरा म्हणतो, ‘बरे.’ पहिला सांगतो, ‘हे पत्र तमुक व्यक्तीकडून आहे.’ दुसरा पुन्हा म्हणतो, ‘बरे.’ याहून महत्त्वाचे म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी लिहिले जाते : एकदा पाकिटावर, जे फक्त सर्व्हर वाचतात, आणि एकदा आतल्या कागदाच्या शीर्षावर, जे माणूस वाचतो. ही दोन नावे एकच असावीत, असे बंधन नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

शिवाय त्या काळी बहुतेक सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पुढे पाठवत. जोडण्या तुटक होत्या, त्यामुळे दुसऱ्याची टपाल पुढे सरकवणे हा शिष्टाचार मानला जाई. धर्मशाळेत उतरणाऱ्याला कोणी गाव विचारत नसे, तसेच. जाहिरातबाजांनी नव्वदच्या दशकात याच धर्मशाळांचा ताबा घेतला. १२ एप्रिल १९९४ रोजी फिनिक्स येथील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटवरील पाच हजारांहून अधिक चर्चागटांत टाकली. ती ई-पत्रे नव्हती, हे खरे. पण फुकटात हजारोंना गाठता येते आणि शिक्षा होत नाही, हा धडा सर्वांनी घेतला. सेंडमेल या सर्वाधिक वापरातल्या सर्व्हर-प्रणालीने परक्यांची टपाल पुढे पाठवणे मुळातच बंद ठेवले ते १९९८ साली, ८.९ या आवृत्तीत. दाराला कडी लागायला सोळा वर्षे गेली.

दरम्यान पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये बदनाम पत्त्यांची पहिली मोठी काळी यादी सुरू केली. पुढच्या वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउसची स्थापना केली. या याद्यांची रीत मोठी चतुर आहे. समोरून जोडणी आली की तिच्या आयपी पत्त्याचे आकडे उलट्या क्रमाने मांडायचे आणि डीएनएसला विचारायचे, ‘हे नाव तुझ्याकडे आहे का?’ उत्तर आले तर माणूस बदनाम. उत्तर नाही तर दार उघडा. पत्र वाचण्याचीही गरज नाही. आजही जगभरचे सर्व्हर हाच प्रश्न दिवसरात्र विचारत असतात.

पण येथेच छोट्यांच्या दुःखाचा आरंभ होतो. पारख पत्राची न होता पत्त्याची होऊ लागली. आपण भाड्याने घेतलेला आयपी पत्ता गेल्या वर्षी कोणाकडे होता, हे आपल्याला ठाऊक नसते. आधीच्या भाडेकरूची उधारी मात्र वाणी आपल्याकडे मागतो. २००३ च्या सुमारास सोबिगसारख्या किड्यांनी घरोघरचे संगणक स्पॅमच्या कामाला जुंपले, तेव्हा घरगुती जोडण्यांचे पट्टेच्या पट्टे यादीत गेले. घरच्या कोपऱ्यात सर्व्हर ठेवून पत्रे पाठवण्याचा काळ तेथेच संपला. उलट-नोंदीची सक्तीही याच तर्कातून रुजली : आयपी पत्त्यावरून नाव विचारले तर कंपनीचे नाव यावे आणि त्या नावावरून विचारले तर तोच पत्ता यावा. ही नोंद कंपनीच्या हाती नसते. ज्याच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतला त्याच्याकडे मागावी लागते.

२००२ साली पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची रीत लोकप्रिय केली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही. जानेवारी २००४ मध्ये दावोस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे भाकीत केले. इतिहासात भाकिते करणाऱ्यांची अवस्था बहुधा अशीच होते.

मात्र त्याच सुमारास विचाराची दिशा खरोखर बदलली. ‘वाईट कोण’ हे शोधत बसण्याऐवजी ‘चांगल्याने आपली ओळख पटवावी’ असे ठरू लागले. मेंग वेंग वाँग यांनी इतरांच्या कल्पना एकत्र करून २००३ मध्ये एसपीएफ मांडले. कंपनीने आपल्या डीएनएसमध्ये एक ओळ लिहायची : ‘आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार या या यंत्रांना आहे.’ २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तशाच योजनेशी त्याचा मेळ घालण्यासाठी आयईटीएफ या संकेत ठरवणाऱ्या संस्थेने कार्यगट नेमला. तो पेटंटच्या वादात काही महिन्यांतच बरखास्त झाला आणि एसपीएफ २००६ मध्ये प्रायोगिक म्हणूनच प्रसिद्ध झाले. त्याची मर्यादा उघड होती. ते पाकिटावरचे नाव तपासते, आणि पत्र कोणी पुढे पाठवले की नवे यंत्र यादीत नसल्यामुळे परीक्षेत नापास होते.

त्यावर उतारा म्हणजे डीकेआयएम. याहूमधील मार्क डिलेनी यांची योजना आणि सिस्कोची योजना यांच्या संगमातून २००७ साली ते सिद्ध झाले. पाठवणारा सर्व्हर पत्रावर गुप्त किल्लीने सही करतो. सही पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी खुली असते. मराठेशाहीची कागदपत्रे पाहिलेल्यांना ‘मोर्तब’ आठवेल. पत्राचा मजकूर संपला तेथे ती मुद्रा उमटे, म्हणजे नंतर कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. डीकेआयएमची सही हेच काम करते. आणि मौज अशी की, मजकुराच्या ठरावीक लांबीपुरतीच सही करण्याची मुभाही तिच्या संकेतात आहे. ती वापरली की मोर्तबाच्या खाली कोणीही हवे ते लिहू शकतो! शहाण्याने ती मुभा घेऊ नये.

मुद्रा असून भागत नाही, ती भक्कमही हवी. झॅकरी हॅरिस या अमेरिकी गणितज्ञाला गूगलकडून नोकरीविषयी पत्र आले. त्याने पाहिले तर सहीची किल्ली अवघी ५१२ बिटांची. ही आपली परीक्षाच असावी, असे समजून त्याने सुमारे ७५ डॉलरची भाड्याची संगणकशक्ती वापरून तीन दिवसांत ती फोडली आणि सर्गेई ब्रिन यांच्या नावाने लॅरी पेज यांना पत्र धाडले. उत्तर आले नाही. दोन दिवसांनी किल्ली मात्र २०४८ बिटांची झाली होती. २०१२ मध्ये ही कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की ती परीक्षा नव्हती. नुसता निष्काळजीपणा होता.

आता पाकीट आणि कागद यांच्याकडे परत येऊ. भामटा पाकिटावर स्वतःचे खरे नाव घालून एसपीएफ उत्तीर्ण होऊ शकत होता आणि आतल्या कागदावर बँकेचे नाव लिहू शकत होता. जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने ही फट बुजवली. कागदावरचे नाव एसपीएफच्या वा डीकेआयएमच्या नावाशी जुळले पाहिजे. न जुळल्यास काय करावे, पत्र सोडावे, बाजूला टाकावे की नाकारावे, हे नावाच्या मालकाने सांगावे. ही फट तीस वर्षे उघडी होती.

औषधाचे दुष्परिणामही झाले. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावासाठी ‘नाकारा’ हा आदेश लावला. मेलिंग लिस्ट पत्राच्या विषयात आणि तळाशी भर घालतात, त्यामुळे सही मोडते. परिणामी जगभरच्या लिस्टवरील याहू सदस्यांची पत्रे परत येऊ लागली. भामट्यांना अडवण्यासाठी लावलेल्या फाटकात सज्जनांचे धोतर अडकले.

यापुढचा टप्पा अलीकडचा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे सारे सक्तीचे केले. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलकडे पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी अनिवार्य. इतरांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, बरोबर उलट-नोंद, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. हा आकडा सर्वांना सारखा आहे, पण सर्वांना सारखा लागत नाही. दिवसाला लाख पत्रे पाठवणाऱ्याला २९९ तक्रारी पचतात. तीनशे पत्रे पाठवणाऱ्या कंपनीच्या एकाच गिऱ्हाइकाने रागाने वा चुकून ‘स्पॅम’ हे बटण दाबले, की प्रमाण ०.३३ टक्के. त्यातच गूगल प्रतिष्ठेचे जे आलेख दाखवत असे, तेही पत्रांची संख्या पुरेशी असेल तरच. छोट्याला शिक्षा होते; आरोपपत्र मिळत नाही.

आमच्या त्या कंपनीचे काय झाले? शोध घेतला तेव्हा उलट-नोंदीत होस्टिंगवाल्याचेच आकड्यांनी भरलेले नाव निघाले. मग डीमार्कची नोंद ‘सोडा’ या सौम्य आदेशाने केली आणि रोजचे अहवाल मागवले. आठवड्याभरात खरा घोटाळा कळला. बिले पाठवणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाने, पण स्वतःच्याच यंत्रांवरून, सहीशिवाय पत्रे धाडत होते. ती यंत्रे एसपीएफमध्ये नव्हती. महिनोन्‌महिने घरचाच माणूस तोतया ठरत होता आणि बदनामी साऱ्या नावाची होत होती. त्याला सहीची किल्ली दिली, सणावाराची जाहिरातपत्रे वेगळ्या उपनावावर हलवली, आणि पहिले काही आठवडे फक्त उत्तर देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांनाच पत्रे पाठवली. दोन महिन्यांनी आदेश ‘नाकारा’वर नेला.

पत्रे आता इनबॉक्समध्ये जातात. तरी मोठे कोटेशन पाठवले की मालक अजूनही फोन उचलतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, “साहेब, मेल मिळाला ना? जरा स्पॅममध्येही बघा.”