मुमताज महलच्या लेकी

मुमताज महल म्हटलं की आपल्याला ताजमहाल आठवतो. शर्यतीच्या दुनियेत मात्र हे नाव एका राखाडी घोडीचं आहे. १९२२ साली डॉनकास्टरच्या लिलावात ही वर्षभराची वछेरी तिसऱ्या आगाखानांसाठी ९,१०० गिनींना घेतली गेली. पुण्यातला आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच. मुंबईत त्यांच्या घरी आजोबांच्या काळापासून शर्यतीचे घोडे होते.

घोडी वाऱ्यासारखी पळायची. दहांपैकी सात शर्यती तिने जिंकल्या. पण दम कमी. १९२४ च्या वन थाउजंड गिनीजमध्ये मैलभराचं अंतर तिला जड गेलं आणि ती दुसरी आली.

खरी गोष्ट पुढे सुरू होते. तिच्या वेगाला दमाची जोड हवी म्हणून लांब पल्ल्याचे घोडे निवडले गेले. गेन्सबरोपासून झालेली लेक माह महल, ब्लेनहाइमपासून झालेली मुमताज बेगम. माह महलचा मुलगा महमूद १९३६ ची डर्बी जिंकला, तीही विक्रमी वेळेत. मुमताज बेगमचा मुलगा नसरुल्लाह. हे दोघेही पुढे अमेरिकेला विकले गेले. महमूद १९४० मध्ये, ऐन युद्धात, गेला तेव्हा इंग्लंडमध्ये आगाखानांवर बरीच टीका झाली. नसरुल्लाहचा नातू सेक्रेटेरिएट. महमूदच्या मुलीची मुलगी नॉर्दर्न डान्सरची आई.

नसरुल्लाहचं नाव घोड्यांच्या शौकिनांना तोंडपाठ असतं, त्याच्या आजीचं किती जणांना असेल? आपल्याकडचे शिजरे काढून बघा. बाप, आजोबा, पणजोबा सगळे ओळीत, बायका गायब. माझ्या घरच्या शिजऱ्यात सात पिढ्या आहेत आणि बाईचं नाव एकही नाही. अरबस्तानातले बदू मात्र घोड्याचं कूळ घोडीवरून सांगत. घोड्यांच्या बाबतीत सुचलेलं हे शहाणपण माणसांच्या बाबतीत का सुचलं नाही, कोण जाणे.

आगाखानांनी मुलगे विकले, पण लेकींची एक शाखा घराण्यातच राहिली. माह महलच्या वंशात पतीत एत्वाल झाली, आणि तिच्याच वंशातली झरकावा. नातू चौथ्या आगाखानांची ही घोडी २००८ मध्ये पॅरिसची आर्क शर्यत जिंकून निवृत्त झाली. सात शर्यती, एकही हार नाही.